सरक वं

आमच्या कोचिंग क्लासचे केमिस्ट्रीचे सर कोपरांनी शिकवायचे. फळ्यावर मधोमध ऑक्सिजन काढला की दोन्ही कोपरं बाहेर काढून हवेला ढोसत ओरडायचे, "सरक वं, मले जागा दे!" हे इलेक्ट्रॉनची एक जोडी दुसरीला म्हणायची. जोडी स्त्रीलिंगी, म्हणून 'वं'. जोड्या एकमेकींना ढकलत जमेल तितक्या लांब जाऊन बसतात आणि त्यातूनच रेणूला आकार येतो, एवढंच त्यांना सांगायचं असे. मुलं त्यांना 'सरकसर' म्हणत. पाठ फिरली की 'सर्कस'. मीही हसायची.

सर खापा या गावाहून बसने शहरात येत. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य अडखळत एकदा वाचत आणि पुस्तक मिटत. "आता माणसासारखं सांगतो."

एकदा त्यांनी मला पाण्याचा रेणू काढायला उठवलं. मी कोन लिहिला एकशे साडेनऊ अंश.

"काहून वं? त्या दोन मोकळ्या जोड्या कुठं गेल्या?"

वर्गात माझं तोंड कधी उघडतच नसे.

"त्यायले हायड्रोजन नाही भेटला, म्हणून त्या जास्त पसरून बसतात. मंग हायड्रोजन एकमेकाजवळ दाबल्या जाते. एकशे साडेचार लिही. जे दिसत नाही, थे आधी मोज."

मला ते तिथेच, फळ्यापाशी समजलं. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढून असं काही समजलं नव्हतं.

घरी मात्र मला बोलता येतं. जेवताना मी सरांची नक्कल केली, कोपरांसकट. बाबा खूप हसले. आई हसली नाही. "मुलींना 'सरक वं' म्हणतो हा माणूस?" मी "तसं नाही गं" म्हटलं आणि पुन्हा हसत सुटले. सकाळी आईने क्लासला फोन केला.

संचालक मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर तिथेच उभे होते.

"सर 'सरक वं' म्हणतात का?"

"हो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. 'इलेक्ट्रॉनला' एवढा एक शब्द पुरला असता, आणि तो माझ्या जिभेवर होता. मॅडम म्हणाल्या, "जा तू, बेटा." मी गेले.

शनिवारी सर पुस्तकं घेऊन जिना उतरत होते. मी खालून वर येत होते. सांगायचं ठरवून मी मधल्या पायरीवर थांबले आणि नुसतीच उभी राहिले. सर एकेक शब्द जपून म्हणाले, "जरा बाजूला होता का, मॅडम?"

मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली.