भरलेला गडवा

सुकरीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. मोहाची फुलं उजाडताच वेचली नाहीत, तर हरणं खाऊन जातात. निघण्याआधी ती पत्रूच्या खाटेशी, डाव्या हाताला, पाण्याचा गडवा भरून ठेवी. नवऱ्याची उजवी बाजू दिवाळीत लकव्यानं गेली होती.

मोहा वाकून वेचावा लागतो, आणि वाकलेल्या माणसावर वाघ येतो. ती भीती होतीच. पण सुकरीचे कान घराकडे असत. उठायला गेला असेल का? पडला असेल का? घरी सून रंजीता होती, तरी जीव थाऱ्यावर नसे. हात मात्र थांबत नसत.

एका सकाळी झाडांवर वानरं ओरडली, म्हणजे वाघ जवळच होता. बाया टोपल्या उचलून परतल्या. सुकरी घरात शिरली. गडवा काठोकाठ भरलेला. पत्रूचे ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले.

"पाणी काऊन नाई पेले जी?"

"तहान नाई." जीभ जड होती.

"चैताच्या उन्हात तहान नाई? उंट आहा का तुमी?"

तो भिंतीकडे वळला. रंजीता पदर सावरत दाराआडून म्हणाली, "कालपासून पेले नाई मामाजी. संडासात नेतो मी, त लाजतेत."

अंगणातल्या संडासात उकिडवं बसावं लागे. पत्रूला बगलेत धरून बसवायचं, धरूनच उठवायचं. सुनेसमोर तो कधी उघड्या अंगानं बसला नव्हता. म्हणून त्यानं पाणी पिणंच सोडलं. दवाखान्यात तर बजावलं होतं, पाणी कमी पडलं तर पुन्हा झटका येऊ शकतो.

"उद्या मी जात नाई," सुकरी म्हणाली.

"मोहा कोण वेचन? वाघ?"

"त मग प्या."

त्यानं दोन घोट घेतले. तिसरा घेतला नाही.

मोहा सरेपर्यंत ती जातच राहिली. परतली की टोपली उतरवायच्या आधी गडव्यात डोकावे. कधी बोटभर कमी, कधी तेवढाच.

मोहा वाळवून विकला आणि ती चंद्रपूरला जाऊन आली. बसच्या टपावरून एक लोखंडी खुर्ची उतरली. बैठकीला भोक, खाली भांडं. खाटेजवळ जुन्या लुगड्याचा आडपडदा बांधला.

पत्रूनं डाव्या हातानं खुर्ची हलवून पाहिली. "सरपंचाले नाई अशी खुर्ची."

मग तो पडद्याआड एकटा गेला. दोघी बाहेर उभ्या. खुर्ची करकरली. मग आवाज आला, "गडवा भरून ठेव वो."

दर साली मोहाच्या पैशांत सुकरीचं लुगडं येई. यंदा ती खुर्ची आली.