डावीकडचा खांब

समस्त सभासदांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बी विंगमधल्या काकांच्या निळ्या गाडीचा विमा यंदाही फुलच राहील. कोणीही मध्ये तोंड घालू नये. हुकमावरून.

अशी नोटीस मी बोर्डावर खरंच कधी लावली नाही. पण सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने दर दसऱ्याच्या आधी पार्किंगमध्ये उभा राहून ती दवंडीसारखी पिटायचो मात्र. लोक हसायचे. काका सगळ्यांत जास्त हसायचे आणि एक बोट वर करून म्हणायचे, "एवढं एक वर्ष, सेक्रेटरी. पुढच्या वर्षी बघू."

ते बोट तुम्ही पाहायला हवं होतं. मानपाड्याकडच्या रंगाच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे नखाच्या कडेला निळा रंग कायमचा मुरलेला. गाडी घेताना काकांनी शोरूममध्ये फक्त बोट दाखवलं असणार, असं आम्ही म्हणायचो.

गंमत अशी, की गाडी काका चालवतच नसत. शिकायला गेले होते. पहिल्याच दिवशी कोपरच्या रस्त्यावर एका रसवंतीत घुसले. चरकाची घुंगरं वाजली आणि काकांचं ड्रायव्हिंग संपलं. मग शाळेतून रिटायर झालेल्या काकू शिकल्या. आमच्या बिल्डिंगमधली गाडी चालवणारी पहिली बाई. कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाच्या सासऱ्यांना कल्याणला डॉक्टरकडे न्यायचं, कोणाला अंगारकीला टिटवाळा गाठायचं, की काकू किल्ली फिरवत खाली हजर. आणि त्यांच्या डाव्या बाजूला, मांडीवर कापडी पिशवी धरून, काका.

आमच्या फाटकातून बाहेर पडताना डावीकडे एक दगडी खांब लागतो. गाडी तिथे आली की काका ओरडायचे, "खांब!"

"अहो, दिसतोय मला," काकू म्हणायच्या.

"खांब, खांब, खांब!"

"आता उतरून चालवता का तुम्हीच?"

आम्ही गॅलरीतून हे नाटक फुकटात बघायचो. बायकोच्या डोक्याशी कटकट करणारा नवरा म्हणून काकांची भरपूर टिंगल केली. तरी त्या खांबाला, नाहीतर बाजारातल्या कठड्याला, गाडी घासायचीच. मग काका काय करायचे? आमच्याच बिल्डिंगमधली स्मिता विम्याचं काम बघते, तिला फोन. क्लेम. गाडी गॅरेजला. चार दिवसांनी नव्या नवरीसारखी परत. एवढ्याशा ओरखड्याला क्लेम लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्याकडे होता.

एका वर्षी स्मिताने धीर करून सगळं समजावलं. "काका, ऐका ना. उद्या गाडी पूर्ण गेली तर कंपनी देणार किती आणि तुम्ही दर वर्षी भरताय किती, ते बघा. त्या दोन्हींत फार अंतर उरलं नाही, की फुल सोडायचं. थर्ड पार्टी कायद्याने लागतंच, तेवढं ठेवा. त्यात तुम्ही सारखे क्लेम घेता, म्हणून सूटही मिळत नाही. ओरखडे पडले तर पडू देत ना!"

"बरोबर बोलतेय पोरगी," मी म्हणालो.

पाटीलही तिथेच होते. ज्या जमिनीवर आमची बिल्डिंग आहे तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती, त्यामुळे आमच्या कुठल्याही चर्चेत बोलायचा त्यांचा वंशपरंपरागत हक्क आहे. ते म्हणाले, "काका, म्हाताऱ्या बैलावर नवी झूल कोन घालतं?"

काका हसले. बोट वर. "एवढं एक वर्ष."

सगळे पांगल्यावर त्यांनी मला थांबवलं. गाडीच्या डाव्या दारावर हात ठेवला आणि विचारलं, "सेक्रेटरी, आजवर गाडीला जेवढं लागलं, ते कुठल्या बाजूला?"

मी आठवू लागलो. पुढचा बंपर, डावा कोपरा. डावा आरसा. डावं मागचं दार.

"उजवीकडे एक चरा नाही," काका म्हणाले. "तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही फारसं. काचबिंदू असणार. तिच्या आईलाही होता. फ्रिजमध्ये डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली सापडली, लिंबांच्या मागे. कोणाची विचारलं, तर म्हणाली शेजारणीची."

"मग तुम्ही बोलत का नाही त्यांच्याशी?"

"ती सांगत नाही, तर मी कसं सांगू? तिची आई दिसेनासं झाल्यावर खिडकीशी खुर्चीत बसली. पुन्हा उठलीच नाही. ही रोज खाली उतरणारी बाई आहे, सेक्रेटरी." मग दारावरून हात फिरवत म्हणाले, "डाग राहिले, तर एक दिवस तिलाही दिसेल ना, की सगळे एकाच बाजूला आहेत."

"आणि मधे कोणी माणूस आला तर?"

"त्याची भीती मलाही आहे. म्हणून तर रस्ते कमी करतोय."

खरंच करत होते. आधी ठाणं गेलं. "छे, तिथे पार्किंग मिळत नाही." मग कल्याण गेलं. "पत्रीपुलाशी तासभर कोण अडकणार?" मग टिटवाळा. "बाप्पा घरातही आहे." काकूंना मोह पडू नये म्हणून काका स्वतः सगळ्या लांबच्या कामांना रिक्षाने धावायचे. शेवटी उरली ती एकच फेरी. रविवारी सकाळी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत आणि परत. तीही बैलगाडीच्या चालीने. निघताना तो आरडाओरडा. फुल इन्शुरन्स एवढ्यासाठी.

त्यानंतर दवंडी मी जास्तच जोरात पिटू लागलो. पाटलांनी प्रश्न विचारायच्या आत हशा पिकला पाहिजे, एवढं एक काम मला जमतं.

गेल्या उन्हाळ्यात काका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. धूळ बसली, टपावर कबुतरांनी आपलं काम केलं. काकूंनी किल्ली हातात घेतली नाही. त्यांना खाली पाहिलं असं कोणी म्हणेना. खिडकीत मात्र त्या दिसायच्या. खुर्चीत.

दसऱ्याला मीच गाडी धुऊन घेतली. पाटील झेंडूचा हार घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग? म्हाताऱ्या बैलाची पूजा कोन करनार?" चाकाखाली लिंबू ठेवलं. स्मिता वर जाऊन काकूंना हाताला धरून घेऊन आली.

काकूंनी गाडीला कुंकू लावलं. मग पुढच्या बंपरपासून मागच्या दारापर्यंत डाव्या बाजूने हात फिरवत चालत गेल्या. सावकाश. शेवटी थांबल्या. "किती गुळगुळीत ठेवलीय ह्यांनी," म्हणाल्या.

स्मिता घुटमळली. "काकू, आज विचारू नये, पण तारीख आलीय. फुल ठेवायचं, की..."

मी दवंडीचा पवित्रा घेतला. मग हात खाली घेतला.

"थर्ड पार्टी कर गं," काकू म्हणाल्या. "आता नाही लागायचं हिला."

मग किल्ली माझ्या हातात दिली. "पूजा केलेली गाडी उभी ठेवू नये. चल रे, भाजीवाल्यापर्यंत एक फेरी मारून आण."

"तुम्ही पण चला."

त्या सवयीने उजव्या दाराशी गेल्या. हँडलला हात लावला, काढला, वळसा घालून डावीकडे आल्या आणि काकांच्या जागेवर बसल्या. कापडी पिशवी तिथेच खाली पडलेली होती. ती उचलून मांडीवर घेतली.

मी गाडी सुरू केली. फाटक आलं. काकू समोर बघत होत्या, मान जराही न वळवता. त्या बाजूचं त्यांना काही दिसत नाही, हे मला ठाऊक होतं.

"खांब!" त्या ओरडल्या.