मातीचा घोट

वनजमिनीच्या मोजणीला मी मोलगीला गेलो होतो. टपरीवर एका म्हाताऱ्याला चहा पाजला. पिण्याआधी त्याने ग्लास तिरका करून दोन थेंब मातीत सांडले.

त्याचे पूर्वज इथले राजे, तो सांगू लागला. शेजारच्या राजाशी जंगलावरून वाद झाला, तेव्हा गोरा साहेब समेटाला आला. तिघं एकत्र मोहाची दारू प्यायले. एकत्र प्यायलं की वाद पुन्हा उकरायचा नाही, ही रीत. दोन्ही राजांनी ती पाळली. जंगल साहेबाने ठेवून घेतलं.

"फसवलं की," मी म्हणालो.

"साहेबनी मातीले एक थेंब बी नही दिन्हा," तो म्हणाला. "तव्हाच समजाले पाहिजे व्हतं."

माझा ग्लास मी केव्हाच रिकामा केला होता. त्याची नजर त्यावरच होती.