साहेबांच्या बायकोचं एक वाक्य

मी आजवर अकरा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या एकाही कादंबरीच्या मुखपृष्ठावर माझं नाव नाही. ही तक्रार नाही, मंडळी, ही ऐट आहे. मुखपृष्ठावर नाव असायचं एका दिवंगत लेखकाचं, आणि नायकही त्यांचाच. नाशिकच्या पोलीस खात्यातला एक तपास अधिकारी. त्याला पुस्तकात सगळे 'साहेब' म्हणत, म्हणून आम्हीही साहेबच म्हणायचो. मूळ लेखकाने साहेबांच्या एकेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या आणि बेचाळिसावीच्या मध्येच ते गेले. पण सीबीएस बसस्थानकातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर एसटीची वाट पाहणारी माणसं विचारतच राहिली, "साहेबांचं नवीन आलं का?" तेव्हा प्रकाशकांनी लेखकाच्या पत्नीशी करार केला आणि साहेबांना पुढे जिवंत ठेवायला माणूस शोधला. तो माणूस मी.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. दिवसा नट-बोल्ट मोजायचे, संध्याकाळी मुडदे. कामगार नाट्यस्पर्धेत मी खलनायकाच्या भूमिका करायचो आणि नाटकाच्या कार्यक्रमपत्रिका प्रकाशकांकडे छापायला टाकायचो. एकदा त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "लबाड दिसतोस. रहस्यकथा लिहिशील?"

दुसऱ्याचा नायक लिहिणं म्हणजे भाड्याच्या घरात राहणं. झोपा, जेवा, दिवाळीला आकाशकंदीलसुद्धा लावा, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही. खिळे कुठे ठोकायचे नाहीत याची एक वहीच प्रकाशकांनी मला दिली होती. साहेब छत्री वापरत नाहीत. साहेब शिवी देत नाहीत. साहेबांना 'अचानक' काहीही सुचत नाही, ते आधी दिसलेलं असलं पाहिजे. साहेब हसतात ते फक्त शेवटच्या पानावर. आणि अगदी वर, दोनदा अधोरेखित केलेला पहिला नियम: साहेबांना बायको आहे, पण ती दिसत नाही आणि बोलत नाही. फक्त तिचा चहा येतो.

खरंच तसं होतं. एकेचाळीस पुस्तकांत साहेब घरी खुर्चीत बसून विचार करताहेत, स्वयंपाकघराचा पडदा हलतो, बांगड्यांचा आवाज होतो आणि चहाचा कप टेबलावर येतो. संपलं. त्या बाईला चेहरा नाही, नाव नाही, आवाज नाही. मराठी मुलखात एवढा चहा करून इतकी गप्प राहिलेली दुसरी बाई सापडणार नाही.

करारात आणखी एक कलम होतं, आणि तेच या गोष्टीचं मूळ. प्रत्येक हस्तलिखित लेखकाच्या पत्नीला मोठ्याने वाचून दाखवायचं. तिने शेवटच्या पानावर सही केल्याशिवाय एक ओळही छापायची नाही. लेखक हयात असताना प्रत्येक कादंबरी तिला अशीच वाचून दाखवत, म्हणून तिने ते कलम घालून घेतलं होतं.

बाई इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना 'बाई' म्हणायची. मीही. मी गेलो की त्या समोर वर्तमानपत्र पसरायच्या आणि मेथी निवडायला घ्यायच्या. एका प्रकरणाला एक जुडी, हा त्यांचा हिशेब. त्यांचे यजमान वाचत तेव्हापासूनचा. रिकाम्या हातांनी ऐकलं की मन भटकतं, असं त्यांचं म्हणणं. एवढी मेथी एकट्या बाई काय खाणार? म्हणून वाचनाच्या आदल्या दिवशी त्या जिन्यातून आवाज द्यायच्या, "उद्या चार प्रकरणं!" आणि चार घरांतून चार जुड्या येऊन पडायच्या. ज्या रविवारी साहेब खुनी पकडायचे, त्या रविवारी अख्ख्या बिल्डिंगीत मेथीची भाजी असायची.

पहिल्या वाचनाला मी खलनायकाचा आवाज असा काही लावला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. बाईंनी मान वर न करता म्हटलं, "नाटक नको. वाचा."

त्यांची भाषा दोनच शब्दांची. बरोबर असेल तर 'पुढे', चुकलं तर 'थांबा'. 'थांबा'नंतर जे यायचं ते ऐकण्यासारखं असायचं. "मालेगावहून निघालेला ट्रक पाऊण तासात अंबडला? पंख लावले होते का?" किंवा, "हरसूलच्या बाजारात तुमचा खुनी पळत सुटतो आणि थेट रेल्वे स्टेशनावर येतो. हरसूलला रेल्वे कधी आली? मी रिटायर झाल्यावर?"

अशी सहा पुस्तकं झाली. आणि सातव्याला माझ्या हाताला खाज सुटली. सहा पुस्तकं दुसऱ्याच्या घरात राहिल्यावर एक तरी खिळा ठोकावासा वाटणारच की! मी साहेबांच्या बायकोला बोलकं केलं.

कादंबरी होती कारखान्यातून चोरीला जाणाऱ्या तांब्याची. साहेब मालेगावला जातात, हरसूलला जातात, दमून घरी येतात, काही सापडत नाही. आणि बाराव्या प्रकरणात पडद्यामागून बायको बाहेर येते आणि चोर सांगते. कारखान्याचा चौकीदार सकाळी साहेबांच्या घरी कागद द्यायला आलेला असतो. तीन दिवस कारखाना सोडलेला नाही, घरी गेलेलो नाही, असं तो सांगतो. पण त्याच्या शर्टाची इस्त्री कडक असते. साहेबांनी त्याचे डोळे पाहिले, बायकोने पडद्याच्या फटीतून इस्त्री पाहिली. मला माझ्या सगळ्या लिखाणात फक्त हे एक प्रकरण माझं वाटत होतं. बाकी सगळं साहेबांचं.

पण पहिला नियम? बाई 'थांबा' म्हणणार आणि माझं एकुलतं एक प्रकरण मेथीच्या देठांबरोबर कचऱ्यात जाणार. प्रकाशकांना मी सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "मला काय विचारतोस? बाईंची सही आण. सही नाही तर पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही तर आठवं लिहायला मी दुसरा लबाड शोधतो."

मग मी ती गोष्ट केली जी आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. बाराव्या प्रकरणाची पानं घरी ठेवली. तेराव्याच्या सुरुवातीला तोंडी एक ठिगळ लावायचं, सही घ्यायची आणि छापायला मात्र सगळी तेरा द्यायची. छापील पुस्तक बाई कधी उघडत नाहीत, हे मला माहीत होतं. आता लाज वाटते. तेव्हा मात्र मी स्वतःवर इतका खूश होतो की स्कूटरवर शीळ घालत इंदिरानगरात पोचलो.

शेवटचा रविवार. मी नववं वाचलं, दहावं वाचलं, अकरावं वाचलं. "पुढे." मी तेराव्याला बारावं म्हटलं आणि ठिगळ लावलं, "इतक्यात अचानक साहेबांच्या लक्षात आलं..." चौकीदाराला बेड्या पडल्या, साहेब हसले, मी पानं जुळवली आणि सहीसाठी लाल पेन्सिल पुढे केली.

बाईंनी पेन्सिल घेतली नाही. त्या वर्तमानपत्राकडे पाहत होत्या. तिथे दोरा न सोडलेली एक अख्खी जुडी पडली होती.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"शेजारच्यांची असेल," मी म्हणालो.

"शेजारचीच आहे. पण प्रकरण कुणाचं? पहिल्या रविवारी तुम्ही तेरा सांगितली होतीत. चार, चार आणि पाच. मी काल पाच जुड्या मागवल्या."

मंडळी, मी स्टेजवर संवाद विसरलोय, मिशी गळून पडलीय, एकदा तर फेट्यासकट विंगेत कोसळलोय. पण त्या जुडीसमोर जसा उघडा पडलो, तसा कधीच नाही.

"आणि साहेबांच्या 'अचानक' लक्षात येत नाही," बाई म्हणाल्या. "तो नियम यांनी केलेला आहे. मधलं काय काढलंत?"

"काढलं नाही," मी म्हणालो. "घरी ठेवलंय."

"छापणार होतात?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "घेऊन या. मी बसलेय."

मी घरी गेलो, पानं घेऊन आलो. त्या तशाच बसल्या होत्या, जुडी समोर. दोरा सोडून त्या म्हणाल्या, "वाचा." मी नाटक न करता वाचलं. सात पुस्तकांत पहिल्यांदाच. पडदा हलला, बांगड्या वाजल्या, चहा आला आणि चहामागून बायको आली. तिथे बाईंचे हात थांबले. 'पुढे' नाही, 'थांबा' नाही. मी दीड पानाचं तिचं भाषण वाचून संपवलं आणि मान खाली घालून बसलो. मला वाटलं, गेलं. प्रकरणही गेलं आणि साहेबही गेले.

"पहिला नियम कुणी केला, माहितीये?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या यजमानांनी."

"मी केला. पहिल्याच पुस्तकात यांनी बायकोला चांगली तीन पानं बोलकी केली होती. मला वाचून दाखवलं, असंच. मी तेव्हा नुकती शाळेत लागले होते. स्टॉलवर ही पुस्तकं टांगलेली, मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेल्या बाया. पालकांनी ओळखलं तर? मी म्हटलं, मला यात आणू नका. यांनी तिथल्या तिथे तीन पानं खोडली." त्यांनी एक काडी उचलली, पानं खुडली. "इतकी लगेच खोडली, की मला रागच आला."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

"मला वाटलं, पुढच्या पुस्तकाला पुन्हा विचारतील. मग त्याच्या पुढच्या. दर वेळी चहा आला की मी मेथी हातात धरून बसायचे, आता ती काहीतरी बोलेल म्हणून. एकेचाळीस पुस्तकं झाली. नुसता चहा."

"मग तुम्हीच का नाही म्हणालात?"

"तेच तर. हे मला विचारत नव्हते आणि मी यांना. आणि आता तुम्हीही तेच केलंत. विचारायचं नाही म्हणून पानं घरी ठेवून आलात."

इतकी वर्षं मी समजत होतो की दुसऱ्याचा नायक लिहिताना आपण मेलेल्या लेखकाला जपतो. आणि इथे एक जिवंत बाई पडद्यामागे पहिल्या पुस्तकापासून उभी होती, आणि मी तिच्यासमोर बसून सहा कादंबऱ्यांत तिच्याच हातचा चहा टेबलावर ठेवला होता.

"मग प्रकरण ठेवू?" मी विचारलं.

"ठेवा. पण हे भाषण काय आहे? नवरा दमून घरी आलाय आणि ही शाळेच्या गॅदरिंगला उभी राहिल्यासारखी दीड पान बोलते? ती असं बोलणार नाही."

"मग कसं बोलेल?"

बाईंनी उरलेली मेथी संपवली. देठ एका बाजूला केले, पाला एका बाजूला. मी थांबलो. त्या मला घाई करू देणाऱ्या नव्हत्याच.

"ती चहा ठेवेल," त्या म्हणाल्या, "आणि म्हणेल, तुम्ही विचारलं असतंत तर सकाळीच सांगितलं असतं."

"आणि मग?"

"मग साहेबांनी विचारायचं, काय? एवढंच विचारायचं. मग ती इस्त्रीचं सांगेल."

मी तिथेच, मेथीच्या कागदाच्या कोपऱ्यावर ते वाक्य उतरवून घेतलं. दीड पान गेलं, एक वाक्य राहिलं. माझा म्हणून जो खिळा मी ठोकणार होतो, तो अखेर घरमालकिणीनेच ठोकला, आणि माझ्यापेक्षा सरळ ठोकला. बाईंनी शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने, वह्या तपासल्यासारखं, 'पाहिले' लिहून सही केली. नंतर नियमांची वही मागितली आणि पहिल्या नियमावर तिरकी रेघ मारली.

मी निघालो तेव्हा त्यांनी ती पाचवी जुडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "शेजारच्यांना सांगते मी. ही तुमच्या चोरीची, तुम्ही खा."

घरी बायको भाजीला काय करायचं या विचारात होती. निवडलेली मेथी पाहून ती संशयाने म्हणाली, "आज काय लबाडी केलीत?" मी तिला सगळं सांगितलं. मग, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आणि सात कादंबऱ्या झाल्यावर, पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय वाटतं गं या गोष्टीबद्दल?"

तिने लसूण ठेचता ठेचता विचार केला. "चौकीदार दुसऱ्या प्रकरणातच कळतो," ती म्हणाली. "टेबलावर पडलेले कागद मी वाचते रोज. सगळीच वाचलीत. तिसऱ्या पुस्तकातला तो डॉक्टर तर अगदीच कच्चा होता."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कढईत लसूण टाकला आणि म्हणाली, "बसा. आठव्याचं काय ठरलंय ते सांगा."