हरकतीचा अर्ज

आमच्या घरासमोरचं जुनं गेस्टहाउस पाडलं आणि महिन्याभरात त्या मोकळ्या जागेभोवती पत्रे उभे राहिले. पत्र्यांवर फलक लागला, की इथे तीन मजली बाजार होणार आहे. फलकावरच्या चित्रात हातात पिशव्या घेतलेली गोरीपान माणसं हसत चालली होती. जयपूरच्या या बनी पार्कात इतकी वर्षं राहून मी खरेदी करून इतकं हसत येणारं एकही माणूस बघितलेलं नाही. माझा पारा चढला तो तिथेच.

मी डॉक्टर आहे. निवृत्त झाले तरी हुकूम सोडायची सवय गेलेली नाही, असं माझ्या यजमानांचं म्हणणं. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता फक्त मला शिकवतात. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलो आणि इथेच राहिलो. बाजार बांधणाऱ्यांनी घरोघरी एक गुळगुळीत पुस्तिका वाटली होती, त्यात वस्तीला होणारे फायदे छापले होते. रोजगार, गाड्या लावायला जागा, म्हाताऱ्यांना बसायला बाकं, महिलांसाठी सुविधा. मी लाल पेन घेऊन एकेका ओळीपुढे शेरे मारत गेले. ‘महिलांसाठी सुविधा’पुढे मी लिहिलं, “म्हणजे आणखी चार साड्यांची दुकानं.”

“अगं, काठावर तरी पास कर बिचाऱ्यांना,” हे म्हणाले.

मी सरळ नापास केलं आणि महापालिकेला द्यायचा हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. गर्दी होईल, गोंगाट होईल, हे तर गल्लीतले सगळेच लिहिणार होते. मला काहीतरी बिनतोड हवं होतं, आणि ते माझ्या कुंपणाच्या भिंतीला टेकूनच बसलेलं होतं.

शहराबाहेरच्या बगरू गावची एक बाई अकरा वर्षं आमच्या भिंतीपाशी कापड विकायला बसते. तिच्या घरी ठशांची छपाई चालते. सकाळी बसने ती गाठोडं घेऊन येते, चादरी, ओढण्या, दुपट्टे मांडते आणि ऊन कलल्यावर परत जाते. निळीच्या रंगाने तिची बोटं पेरांपर्यंत निळी झालेली असतात. मला ती मैडमजी म्हणते. माझ्या अंगावरचे निम्मे कुडते तिच्याच कापडाचे आहेत, आणि कुठला रंग मला शोभत नाही हे ती तोंडावर सांगते. एवढा अधिकार मी ह्यांनाही दिलेला नाही.

आमच्यात एकच कुरबूर होती. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं, ही माझी माहेरची सवय. मी तिला रोज तांब्याभर पाणी नेऊन द्यायची. ती ओठ ओले केल्यासारखं करायची आणि तांब्या बाजूला ठेवायची. सुरुवातीला मला वाटलं, हिला आमच्या घरचं पाणी चालत नसेल. मग वाटलं, लाजत असेल. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटायचं.

त्यात ती माझी पेशंटही झाली. लघवीला जळजळ होते म्हणून सांगायला आली, तेव्हा मी गोळ्या दिल्या आणि बजावलं, दिवसभर भरपूर पाणी पी. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार, नंतर पुन्हा. शेवटी मी तिच्यावर भडकले.

“दवा मैं दूँ और पानी तुम पियो नहीं, तो मैं क्या करूँ?”

ती ओढणी तोंडावर ओढून हसली. “पी लूँगी, मैडमजी.”

तेव्हा मी घरात येऊन ह्यांच्यापुढे कुरकुरले, की या बायकांना स्वतःच्या तब्येतीची फिकीरच नसते. ओपीडीत आयुष्यभर हेच बोलत आले होते मी. आता ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

तर, अर्जात मी या बाईचा मुद्दा सगळ्यात वर घातला. बाजार झाला की या गरीब बाईची जागा जाणार, तिचं पोट कोण भरणार, वगैरे. सुनावणीच्या दिवशी मी तिलाही बरोबर घेतलं. पुरावा म्हणून, दुसरं काय. ती नवी पिवळी ओढणी घेऊन आली होती. हे पुढे बसले, ती मागे माझ्याशेजारी, आणि ई-रिक्षात सगळा रस्ताभर मी तिला काय बोलायचं ते पढवत होते. ती “हाँ जी, हाँ जी” करत होती.

सुनावणी एका सामुदायिक सभागृहात होती. मी उभी राहून जोरात बोलले. माझं हिंदी अजून साताऱ्याच्या वळणाचं आहे, पण राग कुठल्याही भाषेत कळतो. मग टेबलामागच्या साहेबांनी तिला विचारलं, “आप बताइए, आपको क्या आपत्ति है?”

ती उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही.

“साब, इस बाजार में औरतों का बाथरूम बनेगा क्या?”

साहेबांनी नकाशा बघितला. तळमजल्यावर बनेगा, म्हणाले.

“जो बाहर बैठके बेचे, वो भी जा सकेगी? ताला तो नहीं मारोगे?”

“नहीं, सबके लिए रहेगा.”

“फिर तो बनने दो, साब.”

कुणीतरी मागे हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “अभी कहाँ जाती हैं आप?”

तिने ओढणी नाकापर्यंत ओढली. एवढ्या पुरुषांपुढे तिला ते बोलावं लागत होतं.

“घर जाकर, साब. बगरू.”

ती खाली बसली. मी तिच्याशेजारीच उभी होते, हातात ते अर्जाचे कागद. सकाळच्या बसपासून संध्याकाळी बगरूला पोचेपर्यंत. एकेक दिवस करत अकरा वर्षं. आणि मी, मूत्रपिंडांवर विद्यार्थ्यांना व्याख्यानं दिलेली बाई, तिला पाणी पी म्हणून दरडावत होते. माझ्या फाटकाच्या आत, अंगणाच्या कडेला, व्हरांड्यासमोरच एक संडास-बाथरूम आहे. पूर्वी माळ्यासाठी बांधलेलं. ते वर्षानुवर्षं रिकामं पडून होतं. मला इतकी लाज वाटली की पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते घासूनपुसून घेतलं, नवी कडी बसवली आणि तिला दाखवलं. तिने मान हलवली. “आपके घर में? अच्छा नहीं लगता, मैडमजी.” तीन दिवस ती फाटकाच्या आत आली नाही. मीही बोलावून बोलावून थकले, रुसले, पुन्हा बोलावलं. चौथ्या दिवशी हे सकाळी पेपर आणि चष्मा घेऊन व्हरांड्यातून उठले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. हिवाळ्याचं कोवळं ऊन सोडून आत का, म्हणून मी विचारलं.

“बाहेर वाऱ्याने पानं उडतात,” ते म्हणाले.

वारा अजिबात नव्हता. तासाभराने फाटक वाजलं. मला त्या माणसाचं इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं, लग्नात तर नाहीच नाही.

आता ती येते. तिच्याबरोबर कोपऱ्यावरची भाजीवालीही येते. त्यानंतर जळजळीच्या गोळ्या मला लिहाव्या लागलेल्या नाहीत.

महिन्याभराने मी एकटीच महापालिकेच्या ऑफिसात गेले आणि हरकत मागे घेतल्याचा अर्ज दिला. त्याला एक मागणी जोडली होती: बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार रस्त्याच्या बाजूला हवं, दारावर रखवालदार नको, आणि दुकानं उघडायच्या आधी ते उघडं असावं, कारण फुटपाथवरच्या बायका दुकानदारांच्या आधी येतात. कारकुनाने पत्ता वाचला, नकाशावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाला, “मैडम, आपका घर तो बिल्कुल सामने है. आपको इसकी क्या ज़रूरत?”

“ग्यारह साल से सामने ही है, भैया,” मी म्हणाले. “इसीलिए लिख रही हूँ.”

त्याला काही उमगलं नाही. त्याने शिक्का मारला आणि अर्ज फाइलीत ठेवला.