न रडलेली आई

चंद्रप्रभाबाई पोलिसात तेहतीस वर्षं होत्या. हवालदार म्हणून निवृत्त झाल्या आणि अहमदपूरला नवऱ्याच्या घरी स्थिरावल्या. नवरा बापूसाहेब, शाळामास्तर. दर गुरुवारी संध्याकाळी आठला टीव्हीवर खुनाच्या तपासाची मालिका लागायची. बापूसाहेब पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगून मोकळे व्हायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे. बाई मालिकेतल्या पोलिसांच्या चुका काढायच्या. "अहो, असा कुठं पंचनामा असतो का? पंच कुठंयत?" बापूसाहेब म्हणायचे, "तू गप बस गं, गोष्ट बघ."

तीन वर्षांपूर्वी बापूसाहेब गेले. मुलगा अनिमेष पुण्यात नोकरीला. बाई गुरुवारी टीव्ही लावत राहिल्या आणि चुकाही काढत राहिल्या, फक्त आता मनातल्या मनात.

गेल्या दिवाळीनंतरचा एक भाग मात्र त्यांना पहिल्यापासून आवडला. विहिरीत एका मुलीचं प्रेत सापडतं. काठावरच्या चपला उचलून कागदात गुंडाळल्या, लाखेचं सील लावलं, पंचांच्या सह्या घेतल्या, सगळं रीतसर. फौजदार दमलेला होता, त्याच्या शर्टाच्या काखेत घाम होता. शेजाऱ्यांचे जबाबही खऱ्यासारखे, अर्धे इकडचे अर्धे तिकडचे. उगाच ढणढण संगीत नव्हतं. बाईंना वाटलं, लिहिणारा कधीतरी ठाण्याच्या बाकावर बसलेला असणार.

मग पोलीस मुलीच्या आईला बातमी सांगतात. आई रडत नाही. ती आत जाऊन वाळत घातलेले कपडे घडी करते. फौजदाराची नजर बारीक होते. शेवटी तीच खुनी निघते. "आई रडली नाही, तिथंच मला कळलं," असं फौजदार म्हणतो आणि भाग संपतो.

बाईंनी टीव्ही बंद केला. जेवण तसंच झाकून ठेवलं.

चौदा वर्षांपूर्वी त्या हदगाव तालुक्यात नेमणुकीला होत्या. एका खेड्यात राजकन्या नावाची एकोणीस वर्षांची मुलगी विहिरीत सापडली. आई नागुबाई, विधवा. बाईमाणूस म्हणून बातमी सांगायला चंद्रप्रभाबाईंना पाठवलं. सोबत ठाण्याचे साहेब होते. ऐकल्यावर नागुबाई म्हणाल्या, "थांबा बाई, दूध उतू जाईल." आत गेल्या, पातेलं उतरवलं, त्यावर ताटली झाकली आणि येऊन उभ्या राहिल्या. साहेब जीपमध्ये म्हणाले, "ही रडली नाही. हिला आणा उद्या."

तीन दिवस नागुबाईंना सकाळी ठाण्यात बोलावून संध्याकाळी सोडत होते. चंद्रप्रभाबाई शेजारी बसलेल्या असायच्या. पातेल्यावर ताटली ठेवताना नागुबाईंच्या हाताला सुटलेला कंप फक्त त्यांनी पाहिला होता. साहेबांना त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी शेजारच्या गावातला एक जण सापडला, त्यानं कबूल केलं, त्याला शिक्षाही झाली. पण गावात तीन दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शुक्रवारी त्यांनी अनिमेषला फोन केला. तो म्हणाला, "आई, सिरियल आहे ती. ट्विस्ट लागतोच." दूधवाल्याला सांगून ठेवलं, उद्या नको. शनिवारी सकाळी त्या नांदेडच्या बसमध्ये बसल्या, तिथून हदगावची गाडी धरली आणि पुढं जीपनं गेल्या.

नागुबाई अंगणात कापसातला कचरा निवडत होत्या. नजर कमी झाली होती.

"कोन हाय?"

"मी चंद्रप्रभा. पोलिसातली. राजकन्याच्या वेळी होते मी."

नागुबाईंचा हात थांबला. "आता काय राहिलं इचारायचं?"

"इचारायचं न्हाई. सांगायचंय." बाईंनी सगळं सांगितलं. दुधाचं पातेलं, थरथरता हात, साहेबांसमोर आपण गप्प बसलो ते. मालिकेचंही सांगितलं.

नागुबाईंनी कापसातली एक काडी काढून टाकली. मग म्हणाल्या, "तुमी पाह्यलं व्हतं व्हय? तीन दिस तुमी माझ्या बाजूला बसल्ता. मला वाटायचं, ही बाई तरी बोलंल. लेकरावाली दिसून राहिली."

"चुकलं माझं."

"हाव. चुकलं." त्या पुढं म्हणाल्या, "दिरानं त्या दिसापून बोलनं सोडलं. साहेबानं धरलं म्हंजी काय तरी असंल, म्हनला. आजून बोलत न्हाई."

चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, "रडलात कधी तुम्ही?"

"वर्सानं. बाजारात. कासाराकडं कुनाची तरी पोर बांगड्या भरत व्हती. तिथंच खाली बसले. लोकं जमले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "टीवीवाल्याला सांगा, रडू त्याच्या येळंला येतं."

चहा झाला. नागुबाईंनी कप पुढं सरकवला. निघताना चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "पुन्हा येऊ का?"

"कशापायी?" नागुबाईंच्या आवाजात राग नव्हता. "आला तर बसा. पन हे जुनं घेऊन येऊ नका."

फाट्यावर पाऊण तास जीप आली नाही. अहमदपूरच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतल्या ज्ञानेश्वरीनं विचारलं, "काकू, कुठं गेल्ता दिवसभर?"

"हदगावकडं. कामानं," त्या म्हणाल्या. ज्ञानेश्वरी बरं म्हणून आत गेली. बाई कुलूप काढून कितीतरी वेळ उंबऱ्यातच उभ्या होत्या. बापूसाहेब असते तर त्यांना सगळं सांगता आलं असतं. ते म्हणाले असते, बोलायचं होतंस गं तेव्हा.

पुढच्या गुरुवारी मालिका लागली. तपास चोख होता, एकही चूक सापडली नाही. खुनी कळायच्या आधीच त्यांनी टीव्ही बंद केला आणि फळीवरून एसटीचं वेळापत्रक काढून हदगावच्या गाड्या बघत बसल्या.