ब्यूकमधला आरसा

हर्शेल टकेटचा आवाज मी एकोणीस वर्षं ऐकते आहे, पण त्याला समोर पाहिलंय ते फक्त चारदा. त्यातल्या दोन वेळा कुणाची तरी मयत होती, त्यामुळे धड बोलणंही झालं नाही. मी मिझुरीत, जॉप्लिनला, एका पत्र्याच्या ऑफिसात बसते. आमच्या मालकाचे पाच ट्रक आहेत, पाचही बंद पेटीचे. त्यांतून लोकांच्या जुन्या, जिवापाड जपलेल्या मोटारी देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात. माणसं घर बदलतात, स्वतः विमानाने जातात आणि मोटार आमच्या हवाली करतात. कोणता ट्रक कुठे जाणार हे मी ठरवते, आणि काही बिनसलं की बोलणीही मीच खाते.

हर्शेल एकसष्ट वर्षांचा. मूळचा केंटकीचा, बुटका, पोट सुटलेला. त्याचं लग्न अकरा वर्षं टिकलं. मोडलं तेव्हा भांडणबिंडण काही झालं नव्हतं. बायको एवढंच म्हणाली, "तू घरी असलास काय आणि नसलास काय, मला आता फरकच कळत नाही." हे त्याने मला एकदा नेब्रास्कातून फोनवर सांगितलं आणि लगेच डिझेल कुठे भरू ते विचारलं. तेव्हापासून तो ट्रकमध्येच राहतो. सीटच्या मागे गादी आहे, एक छोटा फ्रीज आहे. महिन्यातले चार दिवस तो भाड्याच्या खोलीवर जातो, आणि तिथे त्याला झोप लागत नाही.

या धंद्यात माणसं भेटतात ती दोनच दिवशी. एक घर सोडण्याचा, दुसरा नव्या घरी पोचण्याचा. दोन्ही दिवशी माणूस रडवेला तरी असतो नाहीतर चिडलेला. मधले दिवस, ज्यात माणसं जेवतात, टीव्ही बघतात, उगाच एकमेकांशेजारी बसून राहतात, ते हर्शेलच्या वाट्याला येतच नाहीत.

"माझी मजल लोकांच्या गॅरेजपर्यंत," तो म्हणतो. "स्वयंपाकघर आतून कसं असतं, विसरलो मी."

"काही नसतं विशेष," मी म्हणते. "खरकटी भांडी असतात."

मागच्या ऑक्टोबरात मी त्याला पेन्सिल्वेनियात, अल्टूनाजवळच्या एका डोंगरातल्या गावी पाठवलं. इमोजीन फ्रिट्स नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंची गाडी उचलायची आणि ऑरेगनमध्ये बेंडला, त्यांच्या मुलीकडे पोचवायची. गाडी १९५५ची ब्यूक. चार दारांची, वर सायीचा रंग, खाली फिकट हिरवा. किल्ली फिरवून ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की सुरू होते, वेगळं बटण नाही.

गाडी ताब्यात घेताना आम्ही एक फॉर्म भरतो. त्यावर गाडीची चारही बाजूंनी चित्रं असतात. जिथे ओरखडा, जिथे पोचा, तिथे खूण करायची, फोटो काढायचे, मालकाची सही घ्यायची. हर्शेल ब्यूकभोवती वाकून वाकून फिरत होता. इमोजीनबाई थंडीचा कोट घालून, पर्स हातात घेऊन उभ्या होत्या. मागे घर रिकामं झालं होतं आणि दारं सताड उघडी होती.

"ओरखडे काय मोजता," त्या म्हणाल्या. "पडले चार जास्त तर पडू देत. आतल्या आरशाला तेवढा हात लावू नका."

हर्शेलने आत डोकावून पाहिलं. समोरच्या काचेच्या वर साधा चौकोनी आरसा होता. त्यात खास काही नव्हतं.

"आमच्या ह्यांनी तो तसा लावलाय." व्हर्जिल फ्रिट्सना जाऊन दोन वर्षं झाली होती. "ते गेल्यापासून गाडी कुणी चालवलेली नाही. पुतण्या महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून बंद करतो, तेही मी शेजारी उभी राहते तेव्हा. घर विकलं. पलंग दिला. त्यांचे कोट चर्चमध्ये देऊन टाकले. त्यांच्या हाताने ठेवलेलं, तसंच्या तसं राहिलेलं, आता एवढंच आहे."

"सीट पुढे घेतली तर चालेल?" हर्शेलने विचारलं. "माझे पाय पोचायचे नाहीत."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ते सहा फूट तीन इंच होते. घ्या पुढे."

हर्शेलने सीटच्या पट्टीवर खडूने खूण केली. फॉर्मवर आरशासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याने तळाशी आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं, 'आतला आरसा मालकीणबाईंच्या यजमानांनी लावलेला आहे. हलवायचा नाही.' खाली दोघांनी सह्या केल्या. तो फॉर्म माझ्याकडे फोनवर आला तेव्हा मी मोठ्याने हसले. एकोणीस वर्षांत असला फॉर्म पाहिला नव्हता.

आमच्या पेटीत गाड्या इतक्या अडचणीत उभ्या करतात की गाडी आत गेल्यावर दार उघडत नाही. ड्रायव्हरला खिडकीतून बाहेर निघावं लागतं. एकसष्टाव्या वर्षी, त्या पोटासकट, हर्शेल अजून निघतो. अल्टूनाला त्याने ब्यूक आत चढवली तेव्हा उजवा हात गिअरच्या दांडीवरून हलू दिला नाही, आणि मागच्या सीटवर जाऊन मागच्या खिडकीतून बाहेर पडला. पँट फाटली, पण आरशाला धक्का लागला नाही. हे त्याने मला मोठ्या फुशारकीने सांगितलं.

घोळ झाला ओमाहाला. तिथे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची गाडी उतरवायची होती आणि ती ब्यूकच्या पुढे होती. म्हणजे आधी ब्यूक मागे काढायची. भर दुपार, गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं, मागून एक कचऱ्याची गाडी भोंगा वाजवतेय. हर्शेल खिडकीतून आत शिरला, बसला, इंजिन सुरू केलं, मागचा गिअर टाकला. आणि आरशात बघितलं तर मागची काच दिसेना. दुसरंच काहीतरी दिसत होतं. त्याचा हात वर गेला.

तीस वर्षं हा माणूस रोज परक्या गाड्यांत बसतो. बसायचं, आरसा लावायचा, निघायचं. डोक्याला विचारायची गरज हाताला कधी पडलीच नव्हती.

त्याने मला फोन केला.

"रोझॅन, मी हात लावला."

"कशाला?"

"आरशाला."

मला हायसं वाटलं. मला वाटलं होतं, गाडीच ठोकली. "अरे मग परत फिरव की. आरसाच आहे तो, तिजोरी नाही."

"आधी कसा होता ते पाहिलंच नव्हतं मी. हात लावू नका म्हणाल्या, म्हणून नीट बघितलंसुद्धा नाही."

"तर मग अंदाजाने लाव आणि तोंड बंद ठेव. चौऱ्याऐंशीची बाई. तिला काय कळणार?"

"कळेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर स्वतःचाच आला होता, पण तो त्याच्यावर काढणं सोपं होतं.

वायोमिंगमध्ये, रॉलिन्सच्या पुढे, वाऱ्यामुळे रस्ता बंद झाला. तिथला वारा उंच पेटीचे ट्रक आडवे करतो, म्हणून तो उतरेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवतात. हर्शेल दीड दिवस एका पंपाच्या आवारात अडकला. एरवी असा अडकला की तो दिवसभर माझं डोकं खातो. या वेळी फोन आला नाही. दुपारी मीच केला.

तो ब्यूकमध्ये बसला होता. बंद पेटीत, हातात टॉर्च घेऊन. बाहेर वारा पेटीवर धडका मारत होता, तो मला फोनवरही ऐकू येत होता. अल्टूनाला काढलेल्या फोटोंपैकी एकात आरशाचा कोपरा आला होता, त्यावरून तो आरसा जुळवत होता. फोटोत आरशात काहीतरी तपकिरी दिसत होतं. ते काय, हे त्याला सकाळपासून उमगत नव्हतं.

"मागच्या सीटवर जाऊन बसलो शेवटी," तो म्हणाला. "उजव्या कोपऱ्यात सीट पार दबलीय, रोझॅन. कापड झिजून तपकिरी पडलंय. तिथे वरचा जो पट्टा असतो ना धरायला, तो हात लागून लागून गुळगुळीत झालाय. आणि पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट? कोरी. शोरूममधून आणल्यासारखी."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई मागे बसायच्या. आणि आरसा त्यांच्यावर होता, रस्त्यावर नव्हता."

तो बोलत राहिला. म्हणाला, माझ्या ट्रकमध्ये आतला आरसाच नाही. असून करायचं काय, मागे फक्त माझी गादी. एवढ्या वर्षांत ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती, आज आली. म्हणाला, आरसा मला लावता येत नाहीये. बसणारा सहा फूट तीन इंचाचा हवा, आणि मागे कुणीतरी हवं. एकट्याने व्हायचं काम नाही हे.

"पंपावर कुणाला तरी बोलाव ना."

"काय सांगू त्याला? जरा मागे बस, मला तुझ्याकडे बघायचंय?"

आम्ही दोघं हसलो. मला त्या वेळी त्याची फार कणव आली, आणि माझ्या तोंडून आलं ते एवढंच, की काहीतरी खाऊन घे.

अल्टूना सोडल्यापासून आठव्या दिवशी तो बेंडला पोचला. मुलीचं घर नवं, गॅरेज नवं, सगळं झाडूनपुसून लख्ख. मुलगी कामाच्या फोनवर आत होती. हर्शेलने ब्यूक उतरवून गॅरेजमध्ये लावली, सीट खडूच्या खुणेपर्यंत मागे नेली आणि फॉर्म घेऊन उभा राहिला. इमोजीनबाईंच्या अंगात तोच कोट होता, हातात तीच पर्स. त्यांनी पेन घेतलं.

"सही करू नका, बाई," हर्शेल म्हणाला. "ओमाहाला माझा हात लागला. चुकून. परत लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. हर्शेल मला म्हणाला, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही मागे बसायचात," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सीटने."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला वर्ष झालं होतं. त्या पुढे बसून प्रत्येक वळणाला ओरडायच्या, हळू, डावीकडे, ट्रक येतोय. एके दिवशी व्हर्जिलनी गाडी थांबवली आणि म्हणाले, एकतर तू चालव नाहीतर मागे बस. त्या तडक मागे जाऊन बसल्या. त्यांना वाटलं, हे दोन दिवसांत विनवतील. व्हर्जिलना वाटलं, ही दोन दिवसांत पुढे येईल. दोघंही हट्टी. सगळं गाव हसायचं, फ्रिट्सची टॅक्सी निघाली म्हणायचं.

"साठ वर्षं?" हर्शेलने विचारलं.

"एकसष्ट. पण आरसा त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्याकडे वळवला. म्हणाले, भांडण आपल्या जागी, तोंड तर दिसू दे. अख्ख्या रस्त्याने माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, पुढे बघ. दर खेपेला तेच."

त्या गाडीजवळ गेल्या. मग मागचं दार उघडून आत बसल्या, उजव्या कोपऱ्यात, आणि पट्टा धरला.

"बसा पुढे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जागी. कुठे असायचा ते मी सांगते."

हर्शेल बसला. आरशात बाईंना त्याची टोपी तेवढी दिसली. त्याने ट्रकमधून गाड्यांवर घालायच्या दोन जाड गोधड्या आणल्या, घडी घालून त्यांवर बसला, ताठ झाला. पाय लोंबकळायला लागले.

"थोडा खाली. आणखी थोडा. आता माझ्याकडे. नाही, फार झाला. हां, आता हळूच."

आणि आरशात बाईंचे डोळे आले. हर्शेल म्हणाला, निळे होते, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्या त्याच्याकडे बघत होत्या आणि त्याला नजर काढता येईना. एवढा वेळ कुणी त्याच्याकडे बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याच्या बायकोनेसुद्धा नाही, तो म्हणाला, किंवा बघितलं असेल, तेव्हा मीच रस्त्यावर असेन.

"किती वेळ?" मी विचारलं.

"घड्याळ नव्हतं लावलं."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, पुढे बघ."

"आणि तू?"

"मी बघितलं पुढे," हर्शेल म्हणाला. "पुढे गॅरेजची भिंत होती."